चार वाजता घरी गेलेला माणूस

पोलीस ठाण्यात सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण हजेरीचं पुस्तक त्याच्या ताब्यात असे. पुस्तकात दोन रकाने, एक आल्याच्या सहीचा आणि एक गेल्याच्या. आणि या ठाण्याची रीत अशी, की दोन्ही सह्या सकाळी एकदमच उरकायच्या. आले आठ, गेले चार. आठ तासांची ड्यूटी आणि वरच्या प्रत्येक तासाला जादा पैसे, असा हुकूम वरून आला होता ना! तेव्हापासून कागदावर कुणीही आठ तासांच्या वर एक मिनिट काम केलेलं नव्हतं. माणसं बारा-बारा तास राबत होती, पुस्तक मात्र धुतल्या तांदळासारखं स्वच्छ.

या सह्या नऊ वर्षं मास्तरनंच गोळा केल्या होत्या. "उरका रे पटापट," असं वर म्हणायचा. त्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हेही सांगितलंच पाहिजे.

मग लंबूचा पाय गेला. लंबू हा ठाण्यातला सगळ्यात उंच शिपाई. गर्दीत लांबून दिसतो म्हणून कायम चौकात उभा. त्या दिवशीही सकाळी आठपासून उभा होता. संध्याकाळी साडेसहाला एक मालट्रक मागे येऊ लागला. लंबूनं तो पाहिला, पण पाय वेळेवर हलेचनात. साडेदहा तास उभ्या माणसाचे पाय ते, ऐकणार कुणाचं? उजवा गुडघ्याखाली कापावा लागला.

भरपाईच्या अर्जाला कार्यालयाचं उत्तर महिन्यानं आलं. लंबूची बायको ते घेऊन थेट मास्तरच्या टेबलाशी उभी राहिली.

"भाऊजी, हे वाचा. मला वाटलं, मलाच वाचता येत नाही."

हजेरीनुसार सदर शिपाई चार वाजता घरी गेला, असं पत्रात होतं. त्यानंतर तो चौकात कशासाठी होता, याची खात्याला कल्पना नाही. सबब अपघात कर्तव्यावरचा नाही. भरपाई नाही, बैठं कामही नाही.

"अंगात वर्दी, तोंडात शिट्टी, आणि हे काय हवा खायला गेले होते?" तिचा आवाज चढला. "चार कुणी लिहिलं, भाऊजी?"

"मी लिहून घेतलं," मास्तर म्हणाला. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

तिनं पुन्हा अर्ज केला, तेव्हा चौकशी लागली. वरच्या कार्यालयातून साहेब आले. मास्तरला जबाबासाठी तीनला बोलावलं आणि बाकावर ताटकळत ठेवलं. आत घेतलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस झाले होते.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "पुस्तक खरं आहे एवढं लिहा, सही करा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, उगाच कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

मास्तरनं पुस्तक उघडून पुढे सरकवलं. "आजचं पान बघा, साहेब. ही माझी सही. चार वाजता मी घरी गेलो."

"बरं, मग?"

"मग तुम्ही बोलताय कुणाशी? पुस्तक खरं असेल, तर मी आत्ता घरी चहा पितोय."

"तोंड सांभाळा!"

"कुणाचं तोंड? मी इथं नाहीच!" मास्तरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि त्यातली निम्मी स्वतःवरच होती. "नऊ वर्षं मी खोटं लिहून घेतलं, आणि तुम्ही दर महिन्याला डोळे मिटून शिक्का मारलात. लिहा हे जबाबात. लिहा ना!"

साहेबांनी एक अक्षर लिहिलं नाही. पेनाला टोपण लावून ते तरातरा निघून गेले.

आठव्या दिवशी मास्तरच्या निलंबनाचा आदेश आला. त्यानं तो उभ्यानं वाचला, पुन्हा वाचला, आणि मटकन खुर्चीत बसून हसायलाच लागला. साहेबांनी रागाच्या भरात स्वतःच लिहून दिलं होतं: सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, कर्तव्यावर हजर असताना, वरिष्ठांशी उर्मट वर्तन. खाली सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथं.

जबाबाच्या दिवशीच्या हजेरीच्या पानाची आणि आदेशाची नक्कल घेऊन तो लंबूच्या घरी गेला.

"वहिनी, हे दोन्ही अर्जाला जोडा. पुस्तक म्हणतं मी चारला गेलो. खातं म्हणतं मी सहा चाळीसला कामावर होतो. आता पुस्तक खोटं की माझं निलंबन खोटं, ते त्यांनाच ठरवू दे."

"पण भाऊजी, तुमची नोकरी?"

"माझं माझ्यापाशी. आधी याची अपघाताच्या दिवसाची खरी हजेरी लिहू."

खाटेवरून लंबू बघत होता. मास्तरनं कोऱ्या कागदावर लिहिलं, आले आठ. मग लिहिलं, गेले.

"गेले कुठलं, मास्तर?" लंबू म्हणाला. "उचलून नेलं, असं लिहा."

मास्तरनं ते खोडलं. उचलून नेलं, असं लिहिलं, आणि पुढे वेळ घातली, सहा पस्तीस.