मर्लचं दुसरं पिंप

"लागर म्हणजे लागर," क्लॅरी खुर्चीतूनच म्हणाला. "दुसरं काही या घरात व्हायचं नाही."

मर्लने पिंप विसळता विसळता डोळे मिटून घेतले. सकाळपासून नवऱ्याचं तेच तुणतुणं. ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनच्या उन्हाळ्यात कपडे धुण्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत लोण्याचं तेल व्हायचं, आणि या माणसाला तिथे गारव्यात मुरणारी फिकट बिअर हवी होती.

रेल्वेच्या वर्कशॉपात होता तेव्हापासून क्लॅरी घरी लागर करायचा. फक्त त्याचंच ऐकणाऱ्या जुन्या फ्रिजला चुचकारत, पिंपाला कान लावत. दर शनिवारी त्याचे सोबती मागच्या अंगणात जमत, आणि पहिला ग्लास तो उजेडाला धरून बघे. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडून असे. मग पहिलं पिंप मर्लने घातलं. त्याच्या हट्टापायी लागरच. त्या बिअरला सडक्या अंड्यांचा वास आला आणि फेस तर धरलाच नाही. सोबती "छान आहे हं, मर्ल" म्हणाले, आणि क्लॅरीची पाठ वळताच त्यांनी ग्लास लिंबोणीखाली ओतले. मर्लने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. पुढच्या शनिवारी एकटा नेव्ह आला. हेही पिंप फसलं तर तोही यायचा नाही, आणि मग क्लॅरी दिवसभर कुंपणाकडे बघत बसेल, हे तिला दिसत होतं.

हार्डवेअरच्या दुकानातल्या डॉटने तिला सांगितलं होतं, नवशिक्याने काळी एल नावाची बिअर करावी. ती उकाडा सोसते, चुका पोटात घालते; फिकट बिअरमध्ये सगळं उघडं पडतं.

"चुका झाकायला काळी?" क्लॅरी फणफणला. "लोक म्हणतील, क्लॅरी बुटाचं पॉलिश पाजतो."

"पाजणार मी आहे. बाटल्या धुणार मी, पिंप उचलणार मी. तू नुसता बसून चुका काढ. लिंबोणीला पुन्हा बिअर पाजायची नाहीये मला."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. क्लॅरीने मान वळवून लिंबोणीकडे पाहिलं.

"सगळ्यांनी ओतली?"

"सगळ्यांनी."

ती डब्यातला काळ्या एलचा पाक पिंपात ओतू लागली, तेव्हा कुठे त्याचा आवाज आला. "मागच्या खेपेला बाटल्यांना भांड्यांचा साबण लावलास ना? त्यानंच फेस मेला. नुसत्या गरम पाण्यानं धू."

बिअर तयार झाली त्या शनिवारी नेव्ह आला, येताना आणखी दोघांना ओढून घेऊन आला. क्लॅरीने डाव्या हाताने ग्लास सूर्याकडे धरला. आरपार काहीच दिसेना. खिडकीत मर्ल हातातलं फडकं पिळत उभी. त्याने ग्लास जरा कलता केला, तेव्हा काठाशी लालसर उजेड आला. मग ग्लास खाली घेऊन त्याने सोबत्यांना प्यायची खूण केली.

संध्याकाळी मंडळी गेल्यावर मर्ल ग्लास गोळा करायला बाहेर आली.

"जरा बघून ये," क्लॅरी म्हणाला. कुठे, ते त्याने सांगितलं नाही.

ती लिंबोणीपर्यंत गेली, वाकली, माती चाचपली.

"कोरडी आहे."

"हं." तो खुर्चीत सरसावून बसला. "मग पुढच्या खेपेला लागर घालू."

मर्लने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, आणि तळाशी उरलेला घोट स्वतः पिऊन टाकला.