ऐन शेवटाला तुटलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात एक परदेशी सिनेमा आहे: सावळी आई, गोरी दिसणारी लेक आणि चारचौघांत आईला ओळख न देणं. रडवण्यात माझा हात धरणारी कॅसेट सिंगापूरच्या अख्ख्या तोआ पायोह वस्तीत नव्हती! तिथल्या व्हिडिओ लायब्ररीतून मी घरोघरी फिरले. पुढे दुकान बंद पडलं, तेव्हा पुण्याहून शिकायला आलेल्या सुनेत्राने मला विकत घेतलं. मला लावायची आणि मनसोक्त रडायची, हा तिचा छंदच होता.

मग तिला बँकेत नोकरी लागली, इथल्याच एका चिनी मुलाशी लग्न झालं, ऋता जन्मली. लेक रूपाने थेट बापावर गेली. कामाच्या धबडग्यात सुनेत्रा मला विसरली. मी कपाटात धूळ खात पडले.

गेल्या जुलैत ऋताच्या शाळेत रेशियल हार्मनी डे होता. त्या दिवशी मुलं आपापल्या घरचा पोशाख करून जातात. सुनेत्राने हौसेने लग्नातली पैठणी कापून परकर-पोलकं शिवलं. मुलींना साड्या नेसवायला स्वतःही शाळेत गेली. परतली ती पडलेल्या चेहऱ्याने. बहिणीला फोनवर सांगत होती ते मी ऐकलं.

"मेधा, परकर दप्तरातच गं! अंगात तिच्या वर्गमैत्रिणीचा, मेइलिनचा चिनी झगा. मेइलिनने विचारलं, 'दॅट आंटी हू आ?' तर ही म्हणाली, 'माय नेबर, लाह.' मी दुसऱ्या मुलीच्या निऱ्या काढत बसले."

मला भडभडून आलं. तिने मला पुसलं आणि व्हीसीआरमध्ये घातलं. ऋता शाळेतून आली, शेजारी बसली. पडद्यावर लेक आईला ओळख देईना, तशी ऋताची मान खाली गेली. इतक्यात त्या म्हाताऱ्या यंत्रात माझी फीत अडकली आणि तुटली. ऐन शेवटाला मी दगा दिला!

"देन? शी सेज सॉरी ऑर नॉट?" ऋताने विचारलं.

"म्हणायला येते," सुनेत्रा म्हणाली. "पण दार उघडायला आई उरलेली नसते."

ऋताने फोन उचलला. "मेइलिन, दॅट आंटी धिस मॉर्निंग... नॉट माय नेबर. माय मदर." मग तिने आईच्या कुशीत तोंड खुपसलं. सुनेत्रा रडली, आणि या खेपेला त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

मित्रांनो, मला आता कचऱ्यात टाकलंत तरी राग नाही. फक्त शाळेच्या फाटकाशी तुमची आई उभी दिसली, तर मित्रमैत्रिणींच्या देखत तिला मोठ्याने हाक मारा.