कणसाने राखलेली अब्रू

मित्रांनो, माझ्या पोटातला हा डाग पाहून हसू नका. मी एक जुना मायक्रोवेव्ह आहे आणि तो डाग देवाच्या नारळाचा आहे.

बोटीवर नोकरी करणाऱ्या एका खलाशाने मला सिंगापूरच्या दुकानातून उचललं, तेव्हा शेजारचा रेडिओ माझ्या गळ्यात पडून रडला. खोटं वाटत असेल तर त्या रेडिओला विचारा. खलाशाने मला तारापूरच्या वसाहतीत आपल्या बहिणीला, मंगलाला, भेट दिलं. साल एकोणीसशे नव्वद. घरात मंगलाचा नवरा वामन आणि सासू मंजुळाआजी. आजींचं सारं आयुष्य होड्यांच्या सावलीत गेलेलं.

"नव्या होडीला नारळ दिल्याबिगर आमी ती पान्यात लोटत नाय," त्यांनी बजावलं. "ह्यालाबी द्या."

त्यांनी माझं दार उघडलं. आत दिवा लागला, काचेची थाळी चमकली. आजींना वाटलं, हा तर देव्हाराच! त्यांनी कुंकू लावलेला अख्खा नारळ थाळीवर ठेवला, दार लावून हात जोडले आणि मंगलाने हौसेने बटण फिरवलं.

मी जीव तोडून 'नको, नको' म्हणत होतो. पण मला बोलता येतं ते फक्त 'घूंऽऽ'. मग असा धडाका झाला की माझं दार उघडलं, खोबरं पंख्यावर जाऊन बसलं आणि अख्खी वसाहत गॅलरीत आली. करवंटीचा एक तुकडा म्हणे चिंचणीच्या किनाऱ्यावर सापडला.

"सैतान हाय तो! त्यातला घास मी तोंडात घालनार नाय!" आजींनी जाहीर केलं.

त्या दिवसापासून माझ्या अंगावर विणलेला रुमाल आणि डोक्यावर लोणच्याच्या बरण्या. दोन वर्षांनी वामन म्हणाला, "उद्या बोईसरच्या भंगारवाल्याला बोलावलंय."

त्याच संध्याकाळी त्याने बेटेगावहून मक्याची कोवळी कणसं आणली होती आणि नेमका गॅस संपला. आजींचा कणसांवर भारी जीव. पण दात हलू लागल्यापासून भाजलेलं कणीस त्यांना चावत नसे. मंगलाने माझ्या डोक्यावरच्या बरण्या उतरवल्या.

"सूनबाई, पुन्ना फुटंल गो!"

"नाही फुटणार, आई. नारळाला करवंटी होती, वाफ जाणार कुठून? कणसाला नुसती पानं."

"तू आन तुजी वाफ! मी आपली दाराआडून बघते."

वामन तर पाट ढालीसारखा धरून उभा. पानांसकट कणीस आत आलं. मित्रांनो, ही माझी शेवटची संधी होती. मी श्वास रोखून थाळी फिरवली. पानांमधून वाफ फुसफुसत निघाली आणि... टिंग! मंगलाने पानं ओढली, त्यांच्याबरोबर कणसाचे केससुद्धा निघाले. वर तूप, मीठ, लिंबू.

दाराआडून आधी आजींचं नाक आलं, मग आजी. एक दाणा चाखला, मग एक ओळ, मग अख्खं कणीस.

"काय आई, सैतानाच्या हातचं गोड लागलं?" वामनने डिवचलं.

"कोन बोल्लं सैतान?" आजी कडाडल्या. "नारळ फोडायलाच देतात ना? आमाला दगड लागतो, ह्यानं आपला आपन फोडला! असं गुनी पोर भंगारात घालतोस?"

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला आणि कणीस खात खात रिकामाच परतला.

म्हणून सांगतो मित्रांनो, पहिल्याच चुकीवर कुणाला भंगारात काढू नका. मला रोज पुसा, आणि आत काहीही शिजवा, पण वाफेला वाट ठेवा. नारळ मात्र उंबऱ्याबाहेर फोडा. खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या डोक्यावर ठेवलात, तर मी नाही म्हणणार नाही.