फक्कीचा गोल

इथून सुरुवात करा.

कालव्याचा पूल. शनिवारची पहाट. पुढे वृषाली, हातात पांढऱ्या फक्कीचं, चुन्याच्या भुकटीचं घमेलं; मागे अजित, फोनवर नकाशा. लोक रोज खरंच जिथून चालतात ती वाट रस्त्यावर पांढऱ्या रेघेने काढायची आणि रविवारी बारामतीकरांना त्या रेघेवरून हिंडवायचं, असा बेत. वृषाली चित्रकार. अजित नगररचना शिकून नोकरी सोडलेला. दोघांच्या मागे ना संस्था, ना साहेब.

"वाकडी जातेय," अजित म्हणाला.

"माणसं सरळ चालतात होय?"

वृषालीचा पाय कुठे टिकत नसे. जन्म इंदापूरचा, कॉलेज पुण्याचं, मग भाड्याच्या खोल्या. एक सोडली की दुसरी. म्हणून असेल, पण वर्षानुवर्षं एका जागी बसणाऱ्या माणसांचं तिला भारी अप्रूप. रेघ तिने मुद्दाम भाजीवाल्यांच्या जागांमधून नेली. पिंपळीच्या प्रयागबाई लिंबाखाली मेथी घेऊन बसायच्या. त्यांच्या जागेभोवती तर गोलच काढला. मान म्हणून.

इथे थांबा.

रविवार. माणसं जमली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, उत्साह. आणि रस्ता —

धुतल्यासारखा मोकळा.

एक भाजीवाला नाही. लिंबाखाली तेवढी पेरूची गाडी.

"बाकीचे कुठे गेले?"

गाडीवाला हिंदुराव पेरू कापता कापता हसला. "पळालं की! फक्की पडली. फक्कीमागनं अतिक्रमणवाल्यांचा जेसीबी येतो, शेंबड्या पोराला ठावं हाय. मी म्हटलं, येऊंदे. आपल्या गाडीला चाकं हायत."

अजितने वृषालीकडे पाहिलं. वृषालीने स्वतःच्या नखांकडे. पांढरी.

जमलेल्यांतल्या एकाने फोटो काढला. "किती छान दिसतो ना रस्ता, असा रिकामा!"

इथून वळा.

पिंपळी. त्याच दिवशी दुपारी. प्रयागबाई वाफ्यात बसून मेथी उपटत होत्या. वृषालीने सगळं सांगून टाकलं, भडाभडा.

"म्हंजी रेघ तू मारलीस व्हय?"

"हो, मावशी. मान म्हणून."

"आगं, मानानं कुणी गोल करतं व्हय? गोल करत्यात त्यो तोडायच्या झाडाला."

"मी पुसते. तुम्ही परत या."

"पुस न्हायतर चाट. जागा हिंदुरावनं धरली. ज्याचं पोतं पडंल त्याची जागा, असं हाय आमच्यात." प्रयागबाईंनी आवाज खाली आणला. "एक कर. पुन्यांदा फक्की मार. त्याच्या गाडीभवती. चांगला ठसठशीत गोल मार."

वृषालीला हसू आलं. मग गेलं. सोपं होतं. घमेल्यात फक्की उरली होती, आणि या वेळी तो गोल काय बोलतो ते तिला ठाऊक होतं.

"नाही, मावशी."

"मग ऱ्हाऊंदे. जा. हिंडव तुझी मानसं."

इथे बसा.

सोमवारी उजाडायच्या आत तिने खराट्याने रेघ झाडली. प्रयागबाईंना फोन केला. "येतीया का न्हाय, सांगता यायचं न्हाय," म्हणून त्यांनी ठेवून दिला. वृषालीने लिंबाखाली पोतं अंथरलं. बसली.

मुंग्या आल्या पायाला. उठावं. नको. अजितचा मेसेज: कुठे आहेस? पिंपळीकडून एक रिक्षा आली. न थांबता गेली.

हिंदुराव गाडी ढकलत आला. "ओ ताई, उठा. धंद्याची येळ हाय."

"जागा प्रयागबाईंची आहे."

"तुमी कोन त्यांच्या?"

"पोतं माझं आहे," ती म्हणाली.

"आन् इकायला?"

चहाच्या टपरीवरचे दोघं खदखदून हसले. गाडीचं चाक पुढे आलं, पोत्यावर चढलं, तिच्या गुडघ्याला टेकलं. अंगातला सांधा न् सांधा ऊठ म्हणत होता. आजवर तिने हेच केलं होतं. कुणी ऊठ म्हणायच्या आधीच.

आणखी एक रिक्षा. ही थांबली. आतून आधी गठुडं बाहेर आलं, मग प्रयागबाई. त्यांनी चाक पाहिलं, गुडघा पाहिला. हिंदुरावाकडे पाहिलंच नाही. गठुडं वृषालीच्या मांडीवर दाणकन टाकलं.

"उठू नगंस," त्या म्हणाल्या. "अजून एक हाय रिक्षात."