निळ्या तोंडाची हरणं

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. माझं नणंदेशी छान पटतं. पटत नाही ते तिच्या भावाशी, आणि त्याच्याशी मी चाळीस वर्षांपूर्वी लग्न करून बसलेय.

नणंदेचं नाव आर्डिस. मी त्यांना वन्सं म्हणते. नवरा गेल्यापासून त्या रोज मागच्या खिडकीशी बसून नाश्ता करतात, आणि बाहेर जुन्या गव्हाणीत एक म्हातारी हरिणी मका खाते. सहा वर्षं हेच चाललंय. हरिणीला उशीर झाला, की वन्संची अंडी ताटलीतच गार होतात. तिच्याशिवाय त्यांना घास उतरत नाही.

त्यांच्या भावाची, म्हणजे आमच्या ऑरिनची, तऱ्हा निराळी. तो नदीपलीकडच्या जंगलात मचाणाखाली मका ओततो आणि शिकारीचा हंगाम कधी सुरू होतो याची वाट बघत वर बसतो.

यंदा शेजारच्या गावात झिजणीच्या रोगाचं हरीण सापडलं. या रोगात हरीण वाळत जातं, लाळ गाळतं, धडपडतं आणि मरतं. औषध नाही. वनखात्याचं पत्रक आलं, की रोग लाळेतून पसरतो, तेव्हा हरणांना खायला घालणं बंद आणि आमिष लावणंही बंद. बहीणभावांनी ते नीट वाचलं आणि दोघांनाही ते दुसऱ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं.

“आता गव्हाण उचल, ताई,” ऑरिन म्हणाला. “सगळी एकाच ठिकाणी तोंडं घालतात.”

“आणि तू काय एकेकाला वेगळं ताट मांडतोस?”

“माझी जंगलातली आहेत. ती तुझ्या दारात कशाला येतील?”

“माझी एकटीच येते. फार तर तिची लेक. चांगल्या घरच्या आहेत त्या, रानात उंडारत नाहीत.”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मला वैताग आला. शनिवारी दुपारी केकचं भांडं परत द्यायच्या निमित्ताने मी वन्संकडे गेले आणि केकच्या निळ्या रंगाच्या दोन बाटल्या पाण्यात कालवून गव्हाणीत ओतून आले. म्हटलं, बघू तरी कोण कोण पंगतीला येतं ते.

रविवारी चर्चला जायच्या आधी आम्ही दोघं त्यांच्याकडे नाश्त्याला गेलो. ऑरिन घरात येऊनही हातमोजे काढेना. धिरडीसुद्धा हातमोज्यांनीच खायला लागला.

“हात गारठलेत,” म्हणाला.

तेवढ्यात म्हातारी हरिणी आली. दौत प्यायल्यासारखं निळं तोंड. मागून लेक आली, तिचंही निळं. मग आणखी दोन, मग चार. मी अकरा मोजली. सगळ्यांत शेवटी आला तो मोडक्या शिंगाचा थोरला नर, ज्याचे फोटो ऑरिन मला दोन वर्षं दाखवतोय.

“हा माझा!” ऑरिन ओरडला. “हा नदीपलीकडचा आहे!” त्या ‘माझ्या’चं तोंड हनुवटीपर्यंत निळं होतं.

“ऑरिन, हातमोजे काढ,” मी म्हटलं.

“थंडी आहे गं.”

“काढ.”

काढले. मनगटापर्यंत निळा.

“काल मक्याचं दुकान दुपारीच बंद झालं होतं,” तो पुटपुटला. “ताईची गव्हाण भरलेली होती. दोनच बादल्या नेल्या. अंधारात रंग कुठे दिसतोय!”

“कालच नेल्यास?” वन्संनी विचारलं.

“गेल्या हिवाळ्यापासून नेतोय.”

म्हणजे हरणं नदी ओलांडोत न ओलांडोत, त्यांचं उष्टं हा गृहस्थ गाडीत घालून घरपोच करत होता! मला हसू आवरेना.

वन्सं मात्र हसल्या नाहीत. बाहेर त्यांची हरिणी लेकीचं निळं तोंड चाटत होती.

“उद्या ही झिजायला लागली, तर माझ्या हातचं खाऊन,” त्या म्हणाल्या. तवा आणि डाव घेऊन त्या मागच्या पायरीवर गेल्या आणि जोरजोरात वाजवायला लागल्या. “जा! चालती हो!”

हरणांनी माना वर केल्या आणि सगळी जवळ आली. सहा वर्षं वन्सं हाच तवा वाजवून त्यांना जेवायला बोलावत होत्या. म्हातारी तर पायरीशीच येऊन उभी राहिली. वन्सं रडत रडत तवा बडवत होत्या आणि ती शहाण्यासारखी वाट बघत होती. मला ते बघवेना.

ऑरिन धावत गाडीकडे गेला आणि त्याने भोंग्यावर हात दाबून धरला. तेव्हा कुठे सगळी उधळली. म्हातारी सगळ्यांत शेवटी गेली.

ऑरिनने गव्हाण उपडी केली. वन्सं आत येऊन खिडकीशी बसल्या. अंगण रिकामं होतं.

“आता उद्यापासून मी कोणाबरोबर खाऊ?”

“मी येतो ना, ताई,” ऑरिन म्हणाला. “रोज येतो.”

वन्संनी पदराने पुसावेत तसे ॲप्रनने डोळे पुसले आणि त्याच्या निळ्या हातांकडे पाहिलं.

“ये. पण वाढेन ते इथेच बसून खायचं. बादली आणलीस तर याद राख.”