तुकिजानचं गुसल

मय्यत धुणाऱ्यानं, म्हणजे गुसल देणाऱ्यानं, अंगावर दिसलेलं वाईट कुठं बोलू नये, चांगलं खुशाल सांगावं, असा आमच्यात नियम आहे. हे चांगलं आहे, म्हणून सांगतो. माझ्या बायकोचा यावर अजून विश्वास नाही. तुमचं तुम्ही बघा.

त्या साली जिल्हाप्रमुख व्हायला पाक योहानेस, पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव', उभे होते. ख्रिस्ती माणूस. आमच्या पक्षानं मशिदीच्या फाटकावर फलक टांगला : 'काफिराला मत देणाऱ्याची मय्यत इथं धुतली जाणार नाही.' शिडीवर मीच चढलो होतो. पक्षाचा शाखा-चिटणीस मी, आणि नदीच्या अलीकडे मय्यत धुणाराही मी एकटाच.

मतदानानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी टेंपेच्या आंबवलेल्या वड्या करणारा तुकिजान भिजलेलं सोयाबीन उपसता उपसता गेला. त्याच्या भिंतीवर योहानेसचं कॅलेंडर होतं. त्याची बायको, बु वागियेम, म्हणजे वागियेमबाई, माझ्या दारात आली.

"पाक कस्तारी, चला. ऊन चढतंय."

"हाजी माशुदींना विचारून येतो."

"कालव्यात सहा दिवस फुगलेला चोर धुतलात, तेव्हा कुणाला विचारलं होतंत?"

हाजी माशुदी आमचे शाखाध्यक्ष. कॉफीतून मान वर न करता म्हणाले, "धू की! पण आधी पक्षाचं जाकीट काढून ठेव. आणि तू मेलास की तुला कोण धुतो, ते आम्ही बघू."

मी शेपूट घातली. सरळ मशिदीत गेलो, नमाजाआधीच्या वजूला नळाखाली हात धरले. हात कोरडे! अळूच्या पानावरून ओघळावं तसं पाणी निसटलं. बादली डोक्यावर उपडी केली, तरी सदरा कोरडा ठक्क.

शेजारचा सुरादी हसला. "काय पाक, अंगाला मेण फासलंत की काय?" मग त्यानं नीट पाहिलं आणि चपला हातात घेऊन पळाला. मी ओंजळभर प्यायलो. जीभ कोरडीच.

तसाच हाजींकडे गेलो, जाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"राजीनामा लेखी लागतो," ते म्हणाले.

"तुम्हीच लिहा. मला उशीर होतोय."

तुकिजानच्या परसात लुंग्यांचा आडोसा केला होता. कूस वळवायला दुसरा माणूस लागतो. कुणी आलं नाही. खिडक्यांच्या फटींतून मात्र अख्खा मोहल्ला बघत होता. पहिला तांब्या ओतला. तुकिजान भिजला, माझ्याही बाह्या भिजल्या.

पण माणूस वजनदार. घामाघूम होऊन, थोरल्या भावाला हाक मारावी तसं, सवयीनं बोलून गेलो, "कांग तुकिजान, जरा डावीकडं वळता का?"

तो वळला.

अंग दगडासारखं गार, डोळे मिटलेले. मी उजवी बाजू धुतली. "आता इकडं." तो इकडं वळला. मी डावी धुतली.

मग त्याच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "कांग, तो फलक मीच टांगला. मला माफ करा."

यावर मात्र तो मेलेल्या माणसासारखा पडून राहिला.