मार्चची बिअर

"हात काढ त्या चावीवरून," डेलमर म्हणाला. "दाबाचा काटा अजून जुळला नाहीये."

"जुळलाय की. अर्ध्या रेघेचा फरक राहिलाय."

"मग अर्धी रेघ थांब."

नॉर्बर्टने हात काढला आणि कोरडाच हात पँटला पुसला. गॅरेजच्या दारापर्यंत गेला, परत आला. बाहेर सप्टेंबरचं मवाळ ऊन पडलं होतं आणि डेलमरची व्हॅन मागचं दार उघडं टाकून उभी होती. आत खोकी, एक उभा दिवा, गुंडाळलेला गालिचा. उरलेलं सगळं विकलं तरी होतं किंवा वाटून टाकलं होतं.

दोघं मिळून घरी बिअर करायला लागल्याला सत्तावीस वर्षं झाली होती. नॉर्बर्ट वेंडलँड मिलवॉकीतल्या एका शाळेची इमारत ऊबदार ठेवणाऱ्या बॉयलरवर एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. डेलमर लुबिन्स्की त्याच भागातला पोस्टमन. उभा जन्म पायी चाललेला, म्हणून त्याला कसलीच घाई नसे. नॉर्बर्टच्या पायाला मात्र भिंगरी. दर मार्चमध्ये ते बिअर घालायचे, सगळा उन्हाळा नॉर्बर्टच्या याच गॅरेजातल्या जुन्या फ्रीजमध्ये गार मुरू द्यायचे आणि सप्टेंबरात मोठं पिंप उघडायचे. पिंप एकच, तेही इथंच. वाटणी करायची वेळ कधी आलीच नव्हती; आज मात्र मोठ्या पिंपातली बिअर दोन लहान पिंपांत भरायची होती.

आठ दिवसांपूर्वी डेलमर कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "घर विकलं. टूसॉनला जातोय, जोलीनकडे. शनिवारी निघेन." जोलीन त्याची मुलगी. बायको गेल्यापासून डेलमर एकटाच होता, आणि गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून दोन तास अंगणात पडून राहिला होता. तो सापडला कुणाला, तर नॉर्बर्टलाच. त्यामुळे 'जाऊ नकोस' म्हणायला त्याला तोंडच नव्हतं. त्या आठ दिवसांत नॉर्बर्टने छपराच्या पन्हाळी दोनदा साफ केल्या आणि गवत कापायचं चांगलं चालू यंत्र खोलून ठेवलं.

"आता जुळला," डेलमर म्हणाला. "ये."

बिअरमध्ये गॅस तिचाच मुरलेला असतो. ती नुसती एका पिंपातून दुसऱ्यात ओतली की सगळा फेस होऊन उडून जातो, आणि हाती राहतं ते पिवळं पाणी. म्हणून दुसरं पिंपही आधी तितकंच गार करायचं, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावून त्यात तितकाच दाब भरायचा, मग दोन्ही तळाकडून नळीनं जोडायची. दाब सारखा असला की बिअर जागची हलत नाही. मग रिकाम्या पिंपाची वरची चावी केसभर सैल करायची. गॅस सुईच्या टोकाएवढा सुटायला हवा. तेवढ्या वाटेनं बिअर मांजराच्या पावलांनी पलीकडे जाते. पिंप किती भरलं ते बघायला त्याच्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला होता, नॉर्बर्टच्या बायकोचा, आर्लीनचा.

पहिलं लहान पिंप भरायला पाऊण तास लागला. चावी डेलमरच्या हातात होती. नळीत एक बुडबुडा दिसला नाही. त्या पिंपाला नॉर्बर्टच्या नावाची पट्टी होती, दुसऱ्याला डेलमरच्या.

दुसरं निम्मं भरलं तसा डेलमरचा अंगठा दुखायला लागला. "धर तू. आणि गुडघा हलवू नकोस, वजनकाटा नाचतोय."

नॉर्बर्ट उपड्या बादलीवर बसला. चावीतून बारीक सूं असा आवाज येत होता.

"जोलीननं एवढी घाई कशाला केली? आठ दिवसांत कुणाचं घर विकलं जातं होय?"

डेलमर नळीकडे बघत होता. "घाई नाही केली."

"मग?"

"फेब्रुवारीतच ठरलं होतं."

नॉर्बर्टने वर पाहिलं. "ही आपण मार्चमध्ये घातली."

"हं."

"म्हणजे त्या दिवशी इथं धान्य भरडताना तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि मी मूर्खासारखा पुढच्या वर्षीची यादी करत होतो! नवीन फ्रीज घेऊ म्हणत होतो! तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"सांगितलं असतं तर तू घातली असतीस ही?"

"नसती घातली!"

"म्हणून नाही सांगितलं," डेलमर म्हणाला. "आणि सगळा उन्हाळा तू माझ्याकडे मर्तिकाला आल्यासारखा बघत बसला असतास. मला एक उन्हाळा धड हवा होता रे."

बोलायला काही नसलं की नॉर्बर्टचे हात चालत, आणि आता हातात चावी होती. त्याने ती कधी पिळली ते त्यालाच कळलं नाही. फस्सकन आवाज झाला, नळी पांढरी झाली आणि वरून फेसाचा फवारा उडाला तो थेट दोघांच्या बाह्यांवर आणि बुटांवर.

"बंद कर! नॉर्बर्ट, बंद कर आधी!"

त्याने बंद केली. जन्मभर वाफेचा दाब सांभाळलेला माणूस, बाह्यांवरून फेस गाळत बसला. गॅरेजभर माल्टचा गोड वास सुटला होता.

डेलमरने फडकं आणलं. आधी आर्लीनचा वजनकाटा पुसला, मग नॉर्बर्टचा बूट. "बसू दे जरा फेस," एवढंच म्हणाला. अर्ध्या तासानं त्याने स्वतः चावी धरून उरलेलं पिंप भरलं. पण तिचा स्वतःचा गेलेला गॅस काही परत येत नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरातून आर्लीनने हाक मारली, "डेलमर, वाटेत खायला सॉसेज बांधून दिलंय, ये, घेऊन जा! आणि मला भेटल्याशिवाय गेलास तर बघ!"

तो घरात गेला तशी नॉर्बर्टने दोन्ही पट्ट्या नखानं सोलल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. मग पहिलं पिंप उचलून व्हॅनमधल्या बर्फाच्या पेटीत ठेवलं आणि भोवती बर्फ दाबून भरला. डेलमर आला तेव्हा तो व्हॅनचं दार लावत होता.

"उभंच ने," नॉर्बर्ट म्हणाला. "आणि उन्हात ठेवू नकोस."

"तिकडं उन्हाशिवाय आहे काय दुसरं?"

दोघंही हसले. डेलमरने त्याच्या खांद्यावर एकदा हात ठेवला. व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत नॉर्बर्ट उभा होता. मग आत जाऊन त्याने गॅरेजची फरशी धुवायला घेतली.

आठवड्यानं त्याने आपलं पिंप उघडलं. चव होती, पण जिभेवर काहीच उठत नव्हतं. निवलेल्या चहासारखी लागली. तरी तो रोज संध्याकाळी एक ग्लास घ्यायचा.

"सिलिंडर आहे ना तिथं?" आर्लीन म्हणाली. "मग भर की त्यात गॅस."

"नको."

"मग ओतून दे गटारात."

"तेही नको."

ऑक्टोबरच्या मध्यावर एका रविवारी डेलमरचा फोन आला. टूसॉनमध्ये अजून पंखे चालू होते. जोलीनचा कुत्रा त्याच्या खुर्चीत बसतो म्हणून त्याने बरीच कुरकुर केली.

"काल उघडली," मग तो म्हणाला. "सत्तावीस वर्षांत अशी झाली नव्हती. तुझी कशी आहे?"

"फर्स्ट क्लास."

"फेस धरते?"

"चार बोटं."

"खोटारड्या," डेलमर हळूच म्हणाला. "थांब. फोन ठेवू नकोस."

पावलं ऐकू आली. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग ग्लास भरत गेल्याचा. नॉर्बर्ट स्वयंपाकघरात उभा होता, फोन कानाशी घट्ट धरून. आर्लीन काही विचारायला आत आली, तिला त्याने बोटानंच गप्प केलं.

डेलमरने फोन ग्लासाशी धरला असावा; आधी एक लांब सुस्कारा आल्यासारखं झालं. मग बारीक बारीक तडतड; पत्र्यावर कुणी मीठ भुरभुरावं तशी. ती विरळ होत गेली. मग नुसती लाइनची खरखर उरली.

"ऐकलंस?" डेलमरने विचारलं.

"बोलू नकोस," नॉर्बर्ट म्हणाला. "अजून येतोय."